सर्पगंधेची झोप

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरी घड्याळाचा गजर लावण्याची पद्धत नाही. "आजोबा जागेच असतील, ते उठवतील," असे म्हणून सारे घर निर्धास्तपणे निजते. आणि मी खरोखरच जागा असतो! पंचवीस वर्षांच्या निद्रानाशाचा वर्षाकाठी एवढाच काय तो उपयोग. बाकीच्या रात्री मात्र मी छताकडे पाहत काढल्या, आणि त्यातल्या काही झोपेच्या औषधांचा इतिहास वाचण्यात घालवल्या.

तो इतिहास मोठा गमतीचा आहे. लीबिग या जर्मन रसायनज्ञाने 1832 साली क्लोरल तयार केले. पण झोपेशी त्याचा संबंध जोडायला 1869 साल उजाडावे लागले. बर्लिनच्या लीब्राइखला वाटले, हे रक्तात गेले की त्याचे क्लोरोफॉर्म होईल आणि माणूस झोपेल. क्लोरोफॉर्म काही झाले नाही. माणूस मात्र झोपला! पुढे 1903 साली एमिल फिशर आणि फॉन मेरिंग यांनी व्हेरोनाल आणले. या बार्बिट्युरेट कुळातल्या औषधांनी पन्नास-साठ वर्षे जगाला निजवले, आणि पुष्कळांना कायमचे निजवले. कारण झोपेची मात्रा आणि मृत्यूची मात्रा यांत अंतर थोडे, आणि सवय लागली की मात्रा वाढवावीशी वाटते. 1963 साली व्हॅलियम आले. ते पुष्कळ सौम्य. पण सवय काही त्यानेही सोडली नाही.

हे वाचून मी घाबरलो, आणि घाबरलेला माणूस झाडपाल्याकडे वळतो. आमच्या आजीचे उपाय साधे असत: दुधात उगाळलेले जायफळ आणि तळपायांना तूप लावून काशाची वाटी. त्यांनी झोप येई की आजीच्या हाताने, हे सांगणे कठीण आहे. मला मात्र एका स्नेह्याने सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या. "मुळीच आहे, अपाय कसला?" असे वर सांगितले.

झोप आली. पण महिन्याभरात नाक चोंदू लागले, आणि नाकापाठोपाठ मन. नातवाच्या बारशालाही मी कोपऱ्यात बसून होतो. कशाचेच काही वाटेना. घरचे म्हणाले, वय झाले. डॉक्टरांनी मात्र आधी गोळ्यांची बाटली मागितली, आणि मग रक्तदाबाचे यंत्र काढले.

बाटलीतली ती मुळी तर आपल्याच देशाची कीर्ती! बिहारात तिला 'पागल की दवा' म्हणत. 1931 साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोहोंवर तिचा गुण लिहून ठेवला. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी तिच्यातून काढलेल्या एका द्रव्याला हकीम अजमलखानांच्या नावावरून अजमलीन म्हटले. 1949 साली आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवरचे अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले, तेव्हा कुठे पश्चिमेचे डोळे उघडले. 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये त्याच मुळीतून रिसर्पीन वेगळे निघाले आणि जगभर खपले.

आणि जगभर खपल्यावर कळले, की काही रोगी त्याने खिन्न होतात. मेंदूतल्या पेशी ज्या द्रव्यांच्या साठ्यावर आपसांत बोलतात, तो साठाच हे औषध रिकामा करते. मुळी दगडावर उगाळली काय आणि कारखान्यात गाळली काय, आत शिरल्यावर ती तेच काम करणार. माझ्या बाटलीवर हे कुठेच लिहिलेले नव्हते. हिरवे पान तेवढे सुरेख काढले होते.

गोळ्या सुटल्या. मन हळूहळू वर आले, पण झोप पुन्हा रुसली. मग डॉक्टरांनी एक गोळी मोजक्या दिवसांसाठी दिली आणि तिच्याबरोबर एक विचित्र पथ्य. बूटझिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ते 1972 साली मांडले. झोप आल्याशिवाय अंथरुणावर जायचे नाही. गेल्यावर झोप लागली नाही तर उठून बाहेर बसायचे. आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचे. पहिले पंधरा दिवस मी घरात भुतासारखा फिरलो. बायकोने तर दाराला कडी लावायची धमकी दिली. हल्ली मात्र बहुतेक रात्री पाच तास मिळतात, कधी साडेपाच.

त्यामुळे यंदा घरात नवी चिंता उपजली आहे. परवा सूनबाईने गजराचे घड्याळ आणले.