सोलून टांगलेला बैल

डच चित्रकार रेम्ब्रांट यानें १६५५ सालीं एका लहानशा लाकडी फळीवर एक अंधारी खोली रंगविली. खोलींत सोलून टांगलेला बैल आहे. त्याच्या फांसळ्या, चरबी आणि रिकामें झालेलें पोट यांवरच काय तो उजेड. मागें दाराआडून एक बाई डोकावते आहे.

पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयांत असलेल्या या चित्रानें खाईम सूतीन या ज्यू चित्रकाराला झपाटलें. मिन्स्कजवळील एका खेड्यांत १८९३ सालीं तो जन्मला. पॅरिसमध्यें त्यानें कित्येक वर्षें अर्धपोटीं काढलीं आणि पोटाचें दुखणें कायमचें जोडून घेतलें. १९२५ च्या सुमारास, हातीं चार पैसे आल्यावर, त्यानें खाटिकखान्यांतून बैलाचें धूड आणून आपल्या चित्रशाळेंत टांगलें. मांस सुकून काळवंडूं लागलें, तेव्हां वरून रक्त ओतून त्याचा तांबडेपणा राखला. दुर्गंधीनें शेजारी हैराण झाले, आरोग्यखात्याचीं माणसें येऊन गेलीं. कुंचला थांबला नाहीं. रेम्ब्रांटच्या बैलाभोंवतीं निदान घर आहे, माणूस आहे. सूतीनच्या चित्रांतून तें सारें गळालें. उरलें नुसतें लालभडक मांस.

डोळ्यांना सुखवील तेंच चित्र, असें मानणाऱ्या रसिकास हा खटाटोप विकृत वाटेल. आणि अशा चित्रांपैकीं बरींचशीं केवळ धक्का देण्यासाठीं काढलेलीं असतात, हेंहि खरें. परंतु भरतमुनींनीं बीभत्साला रसांच्या पंक्तींत बसविलें व जुगुप्सा हा त्याचा स्थायीभाव सांगितला, तें उगाच नव्हे. बैलाच्या पोटांत जें दिसतें तेंच आपल्याहि कातडीखालीं आहे, ही ओळख पटते म्हणून तर किळस येते!

ही ओळख पुढील चित्रकारांनीं उघड केली. फ्रान्सिस बेकनच्या १९४६ सालच्या चित्रांत छत्रीखालीं बसलेल्या माणसाच्या मागें सोललेलें धूड हात पसरल्यासारखें टांगलें आहे. जेनी सॅव्हिलच्या १९९३ मधील ‘प्लॅन’ या चित्रांत तर रक्ताचा थेंबहि नाहीं. एका विवस्त्र स्थूल स्त्रीच्या अंगावर, शस्त्रवैद्य कापण्यापूर्वीं आंखतात तशा रेषा तेवढ्या आहेत. कातडी अजून शाबूत आहे, आणि म्हणूनच तें पाहणें अधिक कठीण जातें.

सूतीनचें जुनें दुखणें मात्र चित्राबाहेरचें होतें. जर्मनांनीं फ्रान्स व्यापल्यावर तो खेडोपाडीं लपून राहिला. १९४३ सालीं त्याच्या पोटांतील व्रण फुटला. पकडले जाण्याच्या भीतीनें त्याला आडवाटांनीं पॅरिसला आणावें लागलें, आणि त्यांत मोलाचा वेळ गेला. शस्त्रक्रिया झाली, पण ९ ऑगस्ट रोजीं तो वारला.