सीलिंगमधली बँडविड्थ

डंडॉक हे गाव नावापासूनच कुंपणातलं. आयरिश नावाचा अर्थ 'डेल्गाची गढी'. त्यातलं 'डून' म्हणजे तटाने वेढलेली जागा. इंग्रजी 'टाउन' आणि कुंपणाला म्हणतात तो जर्मन 'त्साउन' हे त्याच्याच गोतातले. पंधराव्या शतकात आयर्लंडमधला इंग्रजांचा अंमल आक्रसून ज्या टापूपुरता उरला त्याला 'पेल' म्हणत, म्हणजे पुन्हा खुंट्यांचं कुंपणच, आणि त्याचं उत्तर टोक डंडॉकला. आज उत्तर आयर्लंडची सरहद्दही हाकेच्या अंतरावर. इथे बसून नेटवर्कच्या वाहतुकीला हद्दी घालायच्या, म्हणजे माझं कामही गावाला शोभेसंच.

लिनक्समध्ये या हद्दींसाठी एचटीबी वापरतात: 'हायरार्किकल टोकन बकेट'. मार्टिन देवेरा यांनी लिहिलेली ही सोय 2002 साली कर्नलमध्ये आली. हायरार्कीला 'श्रेणीबद्ध' वगैरे म्हणण्यापेक्षा मला 'उतरंड' बरी वाटते, आणि बकेटची बादली तर पोर्तुगीजांनी केव्हाच देऊन ठेवली आहे. बादलीत ठरल्या वेगाने टोकनं पडतात. टोकन असेल तर पॅकेट पुढे.

उतरंडीतल्या वाहतुकीच्या प्रत्येक वर्गाला दोन आकडे द्यायचे: 'रेट 30 एमबिट, सील 100 एमबिट'. रेट ही हमी, सील ही कमाल. सील लिहायला विसरलात तर ती रेटएवढीच धरली जाते. हे 'सील' म्हणजे शेपूट तोडलेलं 'सीलिंग', आणि तो शब्द आपल्या खेड्यांत कधीचाच रुळलाय. 'आमची जमीन सीलिंगमध्ये गेली' हे वाक्य ऐकलं नाही असा मराठी माणूस विरळा. कायदा 1961चा, 1975च्या दुरुस्तीनंतर बारमाही ओलिताला 18 एकर, जिरायतीला 54. सरकारी मराठीत 'कमाल मर्यादा'. अरबी 'कमाल' म्हणजे पूर्णत्व. मराठेशाहीच्या महसुलात गावाची पूर्ण आकारणी तीही कमाल. लोकांनी मात्र इंग्रजी शब्दच उचलला. कायद्याची भीती बहुधा परक्या शब्दातच नीट बसते.

पण दोन्ही सीलिंगं एक नव्हेत. जमिनीत जादा ते काढून घेतलं जातं. वाहतुकीच्या 'शेपिंग'मध्ये जादा पॅकेट आधी रांगेत थांबतं; रांगच भरली तर गळतं. दुसरं असं, की कायद्याने अज्ञान मुलांची जमीन आईबापांच्या कुटुंबातच धरली. एचटीबीतही 'पेरेंट' आणि 'चाइल्ड' असतात, पण मुलांच्या हमीची बेरीज आईबापांच्या वर गेली तर एचटीबी हरकत घेत नाही. प्रत्येक मूल आपली हमी वसूल करतं आणि थोरल्यांची मर्यादा मुकाट्याने मोडते. बेरीज करायची ती आपणच.

सगळ्यात फसवा शब्द 'बॉरो'. एका वर्गाचा वाटा पडून असला तर तो पेरेंटमार्फत दुसऱ्याला मिळतो, त्या दुसऱ्याच्या सीलपर्यंत. याला उसनं म्हणावं तर परतफेड नाही. कर्ज म्हणावं तर व्याज नाही. दुसऱ्याची पडीक जमीन कसण्याचाच हा प्रकार. कितीही वर्षं कसा, कुळकायदा लागत नाही: धन्याचं पहिलं पॅकेट आलं की वाटा त्याचा.