धाव

बैलगाडीच्या चाकावर जी लोखंडी पट्टी चढवलेली असते तिला आपल्याकडे धाव म्हणतात. धाव बसवण्याचा समारंभ ज्यांनी लहानपणी गावच्या लोहाराच्या नेहावर पाहिला असेल, त्यांना तो विसरता यायचा नाही. चाकापेक्षा बोटभर लहान असे लोखंडी कडे गोवऱ्यांच्या जाळात लालबुंद तापवायचे, दोघातिघांनी सांडशीत धरून ते लाकडी पुट्ठ्यांवर उतरवायचे, आणि लाकूड पेट घेणार तोच घागरीमागून घागर ओतायची! वाफेचा लोट उठे, लोखंड आकसे, आणि तुंबा, आरे, पुट्ठे सारे एकमेकांत असे काही आवळले जात की पुढे चार-सहा वर्षे चाक कुरकुरत नसे. वंगणाचे नळकांडे गाडीखाली टांगलेले असेच. गाडीची निगा ही गाडीवाल्याच्या घरची गोष्ट. तिच्यासाठी कुणी शहरात जात नसे.

मी हल्ली तुंगार्लीत राहतो. लोणावळ्याच्या उत्तरेला, हमरस्ता ओलांडला की हे गाव. वर डोंगरात तुंगार्लीचा तलाव, पुढे राजमाचीची वाट, आणि खाली पश्चिमेला बोरघाट. चाकांचा इतिहास लिहायला याहून सोयीची जागा महाराष्ट्रात क्वचित सापडेल. कार्ले-भाजे खोदली गेली तेव्हापासून या घाटाने व्यापार चालत आला आहे. पण तो बहुतेक बैलांच्या आणि तट्टांच्या पाठीवरून. चाकाची वाहने खऱ्या अर्थाने घाट चढू लागली ती गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी नोव्हेंबर 1830 मध्ये नवा रस्ता खुला केल्यावर. त्याच वर्षाचा पूल पुढे एका वेदनाशामक मलमाच्या जाहिरातीमुळे 'अमृतांजन पूल' म्हणून सर्वतोमुखी झाला आणि एप्रिल 2020 मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आला. आगगाडी 1863 मध्ये आली. तिच्या बोगद्यांपायी हजारो मजूर पटकीने आणि अपघातांनी दगावले. तो विषय एका स्वतंत्र लेखाचा आहे. घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. वाट दाखवणारा धनगर तो हाच, असे सांगतात. आजही ट्रकवाला तिथे नाणे टाकल्याशिवाय पुढे जात नाही. ब्रेक आणि टायर यांच्याइतकाच त्याचा शिंग्रोबावर विश्वास! त्याला हसणाऱ्याने एकदा भरल्या ट्रकातून घाट उतरून पाहावा.

लोखंडी धावेची जागा रबराने घेतली ती गोष्ट मोठी मौजेची आहे. चार्लस गुडइयर या अमेरिकन माणसाला 1839 मध्ये गंधकाबरोबर रबर तापवले की ते टिकाऊ होते असे आढळले. थॉमसन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने 1845 मध्ये हवा भरलेल्या टायरचे पेटंटही घेतले; पण तेव्हा मोटारच नव्हती, सायकलही धड नव्हती, तेव्हा ते कागदावरच राहिले. 1888 साली बेलफास्टमधल्या डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने मुलाच्या तीनचाकीसाठी तीच युक्ती पुन्हा शोधून काढली आणि नाव त्याचे झाले. इतके झाले, की आपल्याकडे रबरी चाकांच्या बैलगाडीला शेतकरी 'डनलॉप गाडी'च म्हणू लागला. लोहाराचा जाळ तिथून मंदावला. डनलॉपचा बंगालमधल्या साहागंजचा कारखाना 1936 चा. इटलीतली सिएट कंपनी 1958 मध्ये मुंबईत आली.

मोटारींचे म्हणाल तर वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर कंपनी काढली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट बाहेर पडू लागली. 1974 पासून तीच 'पद्मिनी' झाली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेख लिहिले. माझी पद्मिनी मात्र अजून अंगणात उभी आहे, आणि दर रविवारी तिच्याभोवती चार माणसे जमतात. कुणाकडे अ‍ॅम्बॅसडर आहे, कुणाकडे जीप. विषय एकच : टायर कोणते घ्यायचे आणि घरच्या घरी काय काय करता येईल.

या मंडळींत आमचे शेजारी अण्णा आहेत. त्यांचा मुलगा स्वीडनमध्ये, गोटेनबर्गला असतो, आणि त्याने तिथे जुनी व्होल्वो 240 बाळगली आहे. विटेसारखी चौकोनी अशी ही गाडी 1974 ते 1993 अशी एकोणीस वर्षे निघत होती. अठ्ठावीस लाखांहून अधिक निघाल्या. बापलेकांचे फोनवरचे बोलणे ऐकावे! सुनेची, नातवंडांची चौकशी दोन मिनिटांत आटोपते आणि मग "बाबा, फ्लेम ट्रॅप साफ केला" आणि "अरे, मागच्या ड्रमचं काय केलंस?" असा सिलसिला अर्धा तास चालतो. ऐंशीच्या दशकातल्या पुष्कळ 240 गाड्यांच्या इंजिनावरच्या तारांचे वेष्टण काही वर्षांत चुरा होऊन पडते. ती तारांची वेणी मुलाने हिवाळ्याच्या सुट्टीत स्वतः बदलली. अण्णांना त्याच्या पदवीचे झाले नव्हते इतके कौतुक या वेणीचे झाले.

स्वीडनचा आणि आपला संबंध काय, असे कुणी विचारील. तो लोणावळ्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. गोटेनबर्गच्या एका कापडगिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा इंजिनिअर होता. तिथली जमीन चिकणमातीची. ती हलली की दांडे वाकडे होत आणि बेअरिंग तुटत. म्हणून त्याने दांड्याच्या कलाप्रमाणे आपणच वळणारे बेअरिंग काढले आणि 1907 मध्ये एस. के. एफ. कंपनी उभी राहिली. तिनेच 1915 मध्ये 'व्होल्वो' हे नाव नोंदवले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'मी फिरतो'. बेअरिंगसाठी राखलेले हे नाव मोटारीला मिळाले आणि 14 एप्रिल 1927 रोजी पहिली व्होल्वो बाहेर आली. ती पहिल्यांदा पुढे जाण्याऐवजी मागेच गेली, असे सांगतात! त्याच एस. के. एफ.च्या सहकार्याने 1961 मध्ये असोसिएटेड बेअरिंग कंपनी स्थापन झाली आणि तिचा कारखाना चिंचवडला उभा राहिला. म्हणजे व्होल्वो मोटार आणि चिंचवडचे बेअरिंग एकाच घरची. चाकाचे बेअरिंग उघडून, रॉकेलने धुऊन, तळहातावर ग्रीस घेऊन ते दाबून भरायचे काम मी घरीच करतो. वंगणाच्या नळकांड्याचीच ती पुढची पिढी.

आता टायर. स्वीडनमध्ये 1 डिसेंबर ते 31 मार्च या काळात रस्त्यावर बर्फ असेल तर हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि त्यांचे खाचे निदान तीन मिलिमीटर खोल असावे लागतात. म्हणून तिथल्या घरोघरी चाकांचे दोन संच असतात आणि पुष्कळ लोक वर्षातून दोनदा आपल्या हातांनी जॅक लावून ते बदलतात. साहजिकच दर सहा महिन्यांनी प्रत्येक चाक हातात येते. ब्रेक दिसतो, गंज दिसतो, टायरची आतली बाजूही दिसते. आमच्या लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, पण त्याच्या आधी चाक काढून पाहायला कुठला कायदा सांगत नाही. आपल्याकडे चाकाला माणसाचा हात लागतो तो खंडेनवमीला-दसऱ्याला. तोही झेंडूची माळ घालण्यापुरता. माझ्या मते पूजेच्या आदल्या दिवशी चारी चाके उतरवावीत. हळदकुंकू मग वाहावेच.

हा केवळ विनोद नाही. तुंगार्लीतले पुष्कळ बंगले शनिवार-रविवारचे, आणि तिथल्या जुन्या गाड्याही तशाच. वर्षाकाठी हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीचा टायर झिजत नाही, तो म्हातारा होतो. ऊन, हवा आणि एकाच जागी उभे राहणे यांनी रबर आतून कडक पडते. वरची नक्षी मात्र नव्या नवरीसारखी दिसते. 2000 सालापासून टायरच्या कुशीवर चार आकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. गेल्या दिवाळीच्या आधी अण्णांची अ‍ॅम्बॅसडर नातवंडांना घेऊन घाट उतरणार होती. मी टॉर्च घेऊन वाकलो. आकडे होते 3109. म्हणजे 2009 च्या एकतिसाव्या आठवड्यातले टायर!

अण्णा रागावले. "अहो, खाचे बघा, नवे कोरे आहेत," म्हणाले. वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी एवढेच विचारले, "तुमच्या मुलानं असले टायर घालून पोरांना नेलं असतं का?" त्यानंतर वाद झाला नाही. पंक्चरवाल्याने टायर रिमवरून काढला तेव्हा आतल्या बाजूला, कुशीच्या वळणावर, बोटभर लांबीच्या भेगा सर्वांनी पाहिल्या. द्रुतगती मार्गाच्या तापलेल्या काँक्रिटवर हवा कमी असलेला असा टायर लवतो, लवून तापतो, तापून फुटतो. फुटायला त्याला रस्त्यातला खिळा लागत नाही.

मग नवे कोणते घ्यायचे, यावर आमची सभा दोन रविवार चालली. जुन्या पद्धतीच्या टायरमध्ये धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदून बसवलेले असतात. मिशलँ या फ्रेंच कंपनीने 1946 मध्ये पेटंट घेतलेल्या रेडियलमध्ये धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात आणि वर पोलादी पट्टा असतो. त्यामुळे टायरची कूस लवली तरी तळवा जमिनीवर सपाट राहतो. पावसात पकड अधिक, झीज कमी. पण जुन्या गाडीची बांधणी तिरक्या धाग्यांच्या टायरसाठी झालेली. रेडियल घातले की गाडी वळवून लावताना स्टिअरिंग जड होते. शिवाय जुना टायर घसरण्यापूर्वी हळूहळू इशारा देतो. रेडियल बराच वेळ धरून ठेवतो आणि मग एकदम सोडतो. पद्मिनीचे माप 5.20-14, अ‍ॅम्बॅसडरचे 5.90-15. गंमत अशी की 1956 मध्ये निघालेल्या व्होल्वो अ‍ॅमेझॉनचेही माप 5.90-15 च होते. अण्णांनी ही बातमी मुलाला तत्काळ कळवली! शेवटी त्यांनी चारी रेडियल घेतले. दोन जुने, दोन नवे असा काटकसरीचा प्रस्ताव एकाने मांडला होता, तो सर्वांनी हाणून पाडला. एकाच आसावर दोन जातींचे टायर म्हणजे एका जुवाला बैल आणि घोडा.

टायरइतकीच घाटात महत्त्वाची दुसरी वस्तू म्हणजे ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषते, आणि लोणावळ्याच्या पावसाळ्यात ओलीला काय तोटा! डॉट 3 प्रतीचे ताजे ऑइल निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरल्यावर ही मर्यादा 140 वर येऊ शकते. खोपोलीपर्यंतची उतरण सुमारे साडेपाचशे मीटरची. सतत पाय दाबून उतरले की ऑइल तापते, उकळते, नळीत वाफ होते, आणि पेडल थेट तळाला जाते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे, आणि उतरताना खालचा गिअर घालावा. इथे मला स्वीडनची दुसरी गाडी आठवते : साब. तिच्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबरच वंगण जाते. उतारावर पेट्रोल बंद आणि चाकांनी इंजिन फिरवलेले, तर ते वंगणावाचून कोरडे पडेल. म्हणून पाय उचलताच इंजिन चाकांपासून सुटे होई. सपाटीवर हे ठीक. पण घाटात इंजिनाचा आधार हवा म्हणून ती सोय बंद करण्याची मूठही ठेवलेली असे. साब कंपनी 2011 मध्ये दिवाळखोरीत गेली. तिच्या गाड्या मात्र अजून चालतात, त्या मालकांच्या हातांमुळे.

अशा मालकांचा शिरोमणी म्हणजे अमेरिकेतला अर्व्ह गॉर्डन, पेशाने विज्ञानशिक्षक. त्याने 1966 मध्ये व्होल्वो पी 1800 घेतली आणि 2013 मध्ये त्याच गाडीवर तीस लाख मैल पूर्ण केले. तो 2018 मध्ये वारला. त्याचे गुपित विचारायला गेलेल्यांना फारसे काही मिळाले नाही : पुस्तिकेत लिहिले आहे त्या वेळी तेल बदलायचे, आणि गाडीने काही वेगळा आवाज केला तर ऐकायचे.

अण्णांची नातवंडे त्या दिवाळीत घाट उतरून अलिबागला गेली आणि भाऊबीजेला परत आली. काढलेले जुने टायर चार महिने अंगणात पडून होते. मग त्यांतला एक माळ्याने आंब्याच्या फांदीला झोक्यासाठी टांगला, आणि बाकीचे तीन भंगारवाला घेऊन गेला.