१७. दुदू

१७. दुदू : चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यातला एक जर्मन फोरमन पिवळ्या पोलोला या नावाने हाक मारतो, ती मूळची सिनेमातली फोक्सवॅगन बीटल. ऑस्ट्रियन दिग्दर्शक रुडॉल्फ त्सेहेटग्रुबर यांनी १९७०च्या दशकात या पिवळ्या गाडीवर जर्मन विनोदी चित्रपटांची मालिकाच काढली. पहिला ‘आइन केफर गेट आउफ्स गांत्सं’ (१९७१) पूर्व आफ्रिकेतल्या मोटार-शर्यतीभोवती फिरतो. मालिकेत नायक जिमी बाँडीचे काम ‘रॉबर्ट मार्क’ हे नाव घेऊन दिग्दर्शकांनी स्वतःच केले. डिस्नेच्या ‘द लव्ह बग’मधली (१९६८) हर्बी भावभावना असलेली गाडी, दुदूची करामत मात्र तिच्यात बसवलेल्या यंत्रांची. हर्बीच्या कीर्तीपुढे दुदू झाकोळली गेली, हे तिच्यावर अन्याय करणारेच. जुन्या सिनेमांचे संग्राहक आणि बीटलचे शौकीन, दोघांनाही तिचा लळा आहे, कारण एकाच पोस्टरवर दोघांचे छंद जुळतात. बीटलचा शौकीन तर चित्र मध्येच थांबवून बंपर, मागचे दिवे, समोरच्या काचेचा बाक न्याहाळतो आणि गाडी कोणत्या सालची ते ताडतो. कसरतीच्या दृश्यात गाडी बदलली असेल तर तेही त्याच्या नजरेतून सुटत नाही. चाकणचा फोक्सवॅगन कारखाना मात्र २००९ साली सुरू झाला. जुनी बीटल तिथे कधीच बनली नाही. शेवटची मेक्सिकोतल्या पुएब्ला येथे २००३ साली बाहेर पडली. त्यामुळे फोरमनची हाक इथल्या तरुण कामगारांना कळत नाही.