पुण्यतर : एका किनारवाटेचा ताळेबंद

नाशिकला समुद्र नाही. तरीही पश्चिम किनाऱ्यावरील एका वाटेची, तिच्या आड येणाऱ्या नद्यांची, त्या नद्यांवरील नावांची आणि काठांवरील पाणपोयांची एक फार जुनी नोंद समुद्रापासून दूर, घाटमाथ्यावर, नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरात कोरलेली आहे. हा डोंगर आज पांडवलेणी म्हणून ओळखला जातो. मुंबई-आग्रा रस्त्याने जाणाऱ्याला तो सहज दिसतो. पायऱ्या चढून वर जाणारेही पुष्कळ असतात. त्यांपैकी थोडेच दहा क्रमांकाच्या लेण्याच्या ओवरीत थांबून भिंतीकडे पाहतात. तिथे क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई, दीनिकाचा पुत्र उषवदात, याचे लेख आहेत. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. लेखांतील ४१, ४२, ४५ ही वर्षे शकाची मानावी की नहपानाच्या राज्याची, हा वाद जुना आहे आणि आम्हांला त्यात पडायचे नाही. आमचे कुतूहल निराळे आहे. वाट राखणे हे काम कोण करतो, कशासाठी करतो आणि त्याचा खर्च कुठून निघतो, या प्रश्नांसाठी आम्ही हे लेख वाचतो.

मुख्य लेख संस्कृताचे वळण घेऊ पाहणाऱ्या, पण प्राकृत न सुटलेल्या भाषेत आहे. प्रारंभी उषवदाताच्या दानांची लांबलचक माळ आहे. तीन लक्ष गाई, देव-ब्राह्मणांना सोळा गावे, वर्षभर लक्ष ब्राह्मणांना भोजन. हे आकडे प्रशस्तीचे आहेत आणि प्रशस्तीच्या मापानेच घ्यावेत. त्यानंतर मात्र लेखाचा सूर बदलतो. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे चौसोपी विश्रामगृहे बांधली. विहिरी, तळी, बागा केल्या. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर पुण्यार्थ नावा ठेवल्या. आणि या नद्यांच्या दोन्ही तीरांवर सभा व प्रपा उभारल्या. येथे लाखांची भाषा संपते आणि नावे सुरू होतात.

ही नावे नकाशावर मांडली की चित्र आपोआप उभे राहते. तापी ती तापीच. पारदा म्हणजे पारडीजवळून वाहणारी पार, दमणा म्हणजे दमणगंगा, दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी. इबा ही अंबिका आणि करबेणा ही तिला मिळणारी कावेरी असे मानले जाते. सहाही नद्या भडोच आणि सोपारा यांच्या मधल्या किनारपट्टीत समुद्राकडे जातात. म्हणजे लेखात विखुरलेली दिसणारी ही यादी वस्तुतः एका सलग वाटेची आहे. ही वाट सुमारे अडीचशे किलोमीटरांची. एका हाताला सह्याद्रीचे उतार, दुसऱ्या हाताला समुद्र, आणि मध्ये दर एक-दोन मजलांवर आडवी येणारी नदी. सोपाऱ्याहून थळ घाटाने वर चढले की गोवर्धन. नाशिकच्या पश्चिमेला गोदाकाठी त्या नावाचे गाव अद्याप आहे.

नावांची सोय सांगताना लेखात ‘पुण्यतर’ असा शब्द आला आहे. मराठी वाचकाला त्यासाठी कोश उघडायला नको. नदी-खाडी ओलांडण्याची नाव ती ‘तर’ आणि ती चालवणारा तो ‘तारी’, हे शब्द कोकणात आजही कळतात. पुण्यतर म्हणजे जिथे उतारूकडून पैसा घेतला जात नाही अशी तर. दोन्ही तीरांवर सभा आणि प्रपा, म्हणजे बसायला छप्पर आणि प्यायला पाणी, हा तपशील आम्हांला विशेष अर्थपूर्ण वाटतो. या नद्यांची मुखे भरती-ओहोटीची आहेत. ओहोटीत चिखल उघडा पडतो, नाव काठाला लागत नाही, आणि वाटसरूला पुढच्या भरतीपर्यंत ताटकळावे लागते. मुखाशी पाणी खारे. तहान लागली तरी नदीचे पाणी तोंडात घालवत नाही. पलीकडून येणाऱ्याचीही तीच गत, म्हणून दोन्ही तीरांवर. ज्याने ही योजना आखली त्याने, किंवा त्याच्या कारभाऱ्याने, त्या काठावर कधीतरी ताटकळून पाहिले असले पाहिजे. दालनात बसून दान देणाऱ्याला एका काठावरचे छप्पर पुरेसे वाटले असते.

हे सगळे केवळ पुण्यासाठी होते काय? ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत बारिगाझाचे, म्हणजे भडोचचे, वर्णन आहे. नर्मदेच्या मुखातील वाळूचे दांडे आणि प्रचंड भरती यांमुळे परकी गलबतांना वाट दाखवण्यासाठी राजाच्या सेवेतील कोळी आपल्या होड्या घेऊन पुढे जात, असे तो लेखक सांगतो. कल्याण बंदरात शिरलेली ग्रीक गलबते पहाऱ्याखाली भडोचला नेली जात, असेही तो नोंदवतो. त्याने सांगितलेला तिथला राजा मांबानोस हा नहपानच, असे बहुतेक विद्वान धरतात. तेव्हा जो राजवंश सागरी व्यापार आपल्या बंदराकडे ओढून घेत होता, त्याच घराण्याच्या जावयाने त्या बंदराकडे जाणारी किनारवाट फुकट तरींनी सुगम केली. यात आम्हांला दांभिकपणा दिसत नाही. तारी वाटसरूला नेताना तो भिक्षू आहे की कापसाचा व्यापारी, हे विचारत नाही. आणि पुण्य व जकात एकाच नावेतून पार होण्यात कोणाचे नुकसानही नव्हते. लेखात मध्येच उषवदात तृतीयपुरुष सोडून ‘मी’ म्हणून बोलू लागतो: पावसाळ्यात मालयांनी कोंडलेल्या उत्तमभद्रांच्या प्रमुखाला आपण कसे सोडवले, मग पुष्करास जाऊन स्नान व दान कसे केले. तलवार आणि पाणपोई एकाच भिंतीवर शेजारी आहेत, आणि कोरणाऱ्याला त्यात काही विसंगत वाटलेले नाही.

खरी मौज मात्र दुसऱ्या लेखात, वर्ष ४२ च्या दानपत्रात आहे. येथे उषवदाताने ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव, करून दिली. ती गोवर्धनातील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली: एकीकडे २,००० दरमहा शेकडा एक दराने, दुसरीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज खायचे. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे. वाचकाने हिशेब करून पाहावा. २,००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस जणांत वाटले की बरोबर १२. दुसऱ्या ठेवीचे वर्षाचे ९० ‘कुशण’ नावाच्या खर्चासाठी. त्या शब्दाच्या अर्थाबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही. आणि शेवटी, हे सर्व निगमसभेत ऐकवले व रीतीप्रमाणे फलकावर नोंदवले, अशी नोंद. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत ज्यांनी फेरफार अर्ज आणि वार्षिक हिशेब दाखल केले आहेत, त्यांना या ओळी वाचताना परके वाटणार नाही. दात्याने स्वतःच्या औदार्यावर विश्वास ठेवलेला नाही, वारसांच्याही नाही. त्याने विश्वास ठेवला आहे विणकरांच्या मागांवर आणि चारचौघांत वाचून दाखवलेल्या फलकावर.

येथेच एक गोष्ट खटकते. भिक्षूंच्या वस्त्रांचा हिशेब कवडीपर्यंत आहे. त्यांच्या अन्नासाठी अश्विभूती नामक ब्राह्मणाकडून ४,००० कार्षापणांना शेत विकत घेतल्याचे मुख्य लेखातच सांगितले आहे. नानंगोल येथील ३२,००० नारळीची झाडे चरक परिव्राजकांना दिली; नानंगोल हे किनाऱ्यावरचे नारगोल असावे. चिखलपद्र गावातही ८,००० नारळी दिल्या. पण तारींचे काय? सहा नद्या, म्हणजे निदान सहा नावा, दर नावेमागे दोघे-तिघे. नावेला दरवर्षी डांबरकाम, चार-सहा वर्षांनी नवी फळी. बारा पाण्यासाठी कोणीतरी घागर भरणारा. यासाठी कोणती श्रेणी, किती मुद्दल, काय व्याज, याचा एक शब्द भिंतीवर नाही. जे लेण्याशी निगडित, त्याला ठेव. जे वाटेशी निगडित, त्याला फक्त विशेषण.

हा भेद दोन हजार वर्षांत फारसा बदललेला नाही. आमच्यापैकी ज्यांनी लहानशा स्वयंसेवी मंडळांत वाटा, पायऱ्या, पाण्याची टाकी राखण्याचे काम केले आहे, त्यांना तो रोज भेटतो. कमानीला देणगीदार मिळतो, बाकड्याला मिळतो, नावाच्या पाटीला तर एकाच्या जागी तीन मिळतात. टाके उपसणाऱ्याच्या मजुरीला मात्र पावतीपुस्तक घेऊन दारोदार जावे लागते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला लोटणाऱ्या गर्दीला वाटेत पाणी, चहा, फराळ देणारे हात पुष्कळ असतात, आणि त्यांचे कौतुकच आहे. मंगळवारी सकाळी त्याच वाटेवरून पेले वेचणारे हात थोडे असतात. वाट हे बांधून पुरे होणारे काम नाही. ती दर पावसाळ्यानंतर नव्याने करावी लागते, आणि पावसाळ्यानंतरच्या कामावर कोणाचे नाव कोरता येत नाही.

राजवट गेली की दानाचे काय होते, याचेही उत्तर त्याच डोंगरात आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला आहे. तीन क्रमांकाच्या लेण्यात त्याच्या अठराव्या वर्षाचा आदेश आहे. गोवर्धनच्या अमात्याला तो कळवतो की अपरकखडी गावातील, पूर्वी उषवदाताच्या भोगवट्यात असलेले, २०० निवर्तने शेत त्रिरश्मीच्या भिक्षूंना द्यावे. विजेत्याने पराभूताची जमीन त्याच डोंगराला दिली. इथवर सारे रीतीप्रमाणे. सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, राजा आणि राजमाता यांच्या नावे दुसरे पत्र निघते. कखडीतले ते शेत कोणी कसत नाही, गावात वस्तीही नाही. सबब नगराच्या सीमेवरील राजकीय शेतातून १०० निवर्तने द्यावीत. दोनशेच्या ठिकाणी शंभर, पण पिकणारी. सहा वर्षे भिक्षूंच्या पदरात दानपत्र होते आणि धान्य नव्हते. कोणीतरी गोवर्धनच्या कचेरीत खेटे घातले असणार, अर्ज केले असणार. त्यांची नावे कोरली गेली नाहीत, पण त्यांच्या चिकाटीचे फळ मात्र दगडात आहे.

तरींची पुढची कथा थोडक्यात आटोपते. इंग्रजी अमलात, १८६८ साली, मुंबई इलाख्यात तरींसाठी कायदा झाला. तर ही मक्त्याने द्यायची, उत्पन्नाची बाब ठरली. १८६० च्याच दशकात गुजरातेतून मुंबईकडे लोहमार्ग आला, नद्यांवर पूल झाले, नंतर मोठा रस्ता झाला. आज भडोच ते नालासोपारा हा प्रवास काही तासांचा आहे आणि पार किंवा अंबिका केव्हा मागे पडली ते कळतही नाही. खाली कोकणात दाभोळ-धोपावे, बागमांडला-वेसवी अशा ठिकाणी वाहने घेऊन जाणाऱ्या फेरीबोटी चालतात, आणि रेवस ते रेड्डी या सागरी मार्गाची मोहिनी पुष्कळशी या खंडांतच आहे, असे आमचे मत आहे. जिथे थांबावे लागते तिथेच प्रवासी किनारा पाहतो.

उषवदाताच्या लेण्याच्या अंगणात आणखी एक लेख आहे, सुमारे शतक-दीडशतकानंतरचा, आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षाचा. देणारी विष्णुदत्ता, शक कुळातली उपासिका, अग्निवर्म्याची मुलगी, गणपक रेभिलाची पत्नी, गणपक विश्ववर्म्याची आई. क्षहरात गेले, सातवाहनही गेले, तरी तिने ठेव ठेवली ती राजाच्या कोठारात नव्हे, गोवर्धनातील श्रेणींकडेच: कुलरिकांकडे, पाण्याची यंत्रे करणाऱ्या ओदयंत्रिकांकडे आणि तिलपिषकांकडे, म्हणजे तेल्यांकडे. चारी दिशांहून चालत येऊन त्रिरश्मीवर आजारी पडणाऱ्या भिक्षूंच्या औषधासाठी. लेखाचा काही भाग आता फुटला आहे, पण औषधाचा शब्द शाबूत आहे.