राजाच्या उशाशी

शाळेच्या इतिहासात राजाच्या मरणाला एक ओळ पुरते. बादशहा पाचवा जॉर्ज २० जानेवारी १९३६ रोजी वारला, एवढे सांगून आम्ही मास्तर पुढच्या धड्याकडे वळतो. फार तर गेटवे ऑफ इंडियाचे नाव घेतो. १९११ साली हा राजा अपोलो बंदरावर उतरला, त्याची ती आठवण. पण त्या एका ओळीच्या पोटात एक गोष्ट पन्नास वर्षे दडून होती, आणि ती राजापेक्षा त्याच्या डॉक्टरची अधिक आहे.

सत्तर वर्षांचा राजा सँडरिंगहॅमच्या वाड्यात अखेरच्या दुखण्याने पडला होता. उशाशी राजवैद्य लॉर्ड डॉसन. रात्री साडेनवाच्या सुमारास त्यांनी जेवणाच्या यादीच्या कार्डावर एक वाक्य लिहिले. राजाचे आयुष्य शांतपणे अखेरीकडे चालले आहे, असा त्याचा आशय. नभोवाणीने ते घरोघर पोहोचवले. बाराला पाच मिनिटे असताना राजा गेला.

१९८६ साली डॉसन यांचे चरित्रकार फ्रान्सिस वॉटसन यांनी त्यांची खासगी टिपणे उघड केली, तेव्हा मधल्या अडीच तासांत काय घडले ते कळले. अकराच्या सुमारास डॉसनना दिसले, की हा शेवट अजून पुष्कळ तास लांबेल. त्यांनी राजाच्या मानेच्या शिरेत आधी मॉर्फिया व मागून कोकेन टोचले. कारणेही लिहून ठेवली. एक, मरणाची शांती आणि शान राहावी. दुसरे, बातमी संध्याकाळच्या पत्रांऐवजी सकाळच्या भारदस्त पत्रांत प्रथम यावी. ‘टाइम्स’ने अंक थोडा रोखून धरावा म्हणून त्यांनी लंडनला आपल्या पत्नीला फोनही केला होता!

दुखणे असाध्य असेल तर आयुष्य उगाच लांबवू नका, असे राणी मेरी आणि युवराज यांनी डॉक्टरांना सांगितले होते. परंतु ‘लांबवू नका’ आणि ‘संपवा’ या दोहोंत केवढे अंतर! राजा तर शुद्धीवर नव्हता. त्याला विचारणार कोण?

पुढचा भाग अधिक विचार करायला लावणारा आहे. त्याच वर्षी डिसेंबरात, असाध्य रोग्याने स्वतः मागितल्यास त्याला सुखाचे मरण देता यावे, असे विधेयक लॉर्डांच्या सभेत आले. डॉसन यांनी त्याला विरोध केला. हा प्रश्न वैद्याच्या विवेकाचा आहे, कायद्याने त्यात पडू नये, असे त्यांचे म्हणणे. विधेयक ३५ विरुद्ध १४ मतांनी पडले.

डॉसन यांच्या मनात दया नव्हती असे मला म्हणवत नाही. पण आपण डॉक्टरपुढे दंड उघडा करतो तेव्हा सुईत काय आहे ते पाहत नाही. आपल्याला न सांगता तो भलते काही करणार नाही, या भरवशावरच आपण डोळे मिटतो. बंद दाराआड केलेली दया या भरवशालाच सुरुंग लावते. नेदरलँड्सने २००२ साली असा कायदा अमलात आणला, तेव्हा रोग्याची स्वतःची मागणी, दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरचा सल्ला आणि नंतर समितीपुढे सगळा अहवाल, अशा अटी घातल्या. सँडरिंगहॅमच्या खोलीत यांतले काय होते? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने इंजेक्शनने प्राण घेण्यास मुभा दिलेली नाही. मात्र शेवटी कृत्रिम उपायांनी आपल्याला जगवत ठेवू नये, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क ९ मार्च २०१८ च्या निकालाने मान्य केला. म्हणजे रोग्याचा शब्द आधी, डॉक्टरचा हात मागून.

दिवाळीत मुले-सुना, लेकी-जावई सगळे घरी जमतात. मरणाचा विषय सणासुदीला अशुभ, हे मलाही कळते. तरी फराळ आटोपल्यावर, घर निवांत असताना, एखाद्या आजोबांनी आपल्या मनातले सांगायला घेतले, तर ‘असे अभद्र बोलू नका’ म्हणून त्यांना गप्प करू नये. राजाजवळ वाडा होता, वैद्य होते, सारे गोत होते; त्याचा शब्द तेवढा कोणाजवळ नव्हता.