समुद्राने सोडलेले शहर

२०२३ साली यजमानांबरोबर तुर्कस्तानात इस्तंबूलपासून दक्षिणेकडे मोटारबसने लांबचा प्रवास घडला. इस्तंबूल व इझ्मीर ही बंदरे आजही गजबजलेली आहेत. पण पुढे एफेसस पाहिले आणि मन चरकले.

रोमन अमलात एफेसस हे आशिया प्रांतातील मोठे बंदर होते. डोंगराच्या उतारावर सुमारे २५,००० माणसे बसतील असे नाट्यगृह आहे. त्याच्या पायऱ्यांवरून बंदराकडे जाणारा, अर्धा किलोमीटर लांबीचा, संगमरवरी फरसबंदीचा रस्ता दिसतो. त्याच्या टोकाला मात्र पाणी नाही! समुद्र कित्येक किलोमीटर मागे हटला आहे.

असे का झाले? तेथील नदी गाळ आणून बंदरात ओतीत असे. दुसरा अ‍ॅटॅलस राजा (इ. स. पू. १५९ ते १३८) याने बंदराचे तोंड बांध घालून अरुंद करविले. पाणी खोल होईल व मोठी गलबते आत येतील, हा हेतू. पण भरती-ओहोटीबरोबर बाहेर जाणारा गाळ आतच अडकला आणि बंदर उलट उथळ झाले, असे स्ट्रॅबो या भूगोलकाराने लिहून ठेवले आहे. पुढे नीरोच्या काळी गाळ उपसला, तरी नदीचे काम थांबले नाही.

मोरीचे तोंड लहान केले तर गाळ आतच साचतो, हे भांडी घासणारी कोणतीही बाई सांगेल. राजाला ते कोण सांगणार?

आपल्या सोपाऱ्याचे जुने बंदरही गाळानेच गेले. शत्रू चालून आला तर गाव जागे होते. गाळ मात्र निमूटपणे येतो.